साबणदाणीचे मालक

आर.टी.ओ.तल्या अधिकाऱ्याने चासीवरच्या नंबरावर कागद धरला आणि त्यावर पेन्सिल घासली. कागदावर उमटलेला नंबर त्याने आर.सी. बुकातल्या नंबराशी ताडून पाहिला. दोन्ही नंबर वेगळे होते. त्या दिवसापर्यंत ती गाडी काकांची होती.

मी तेव्हा तिथे होते. काकांना एकटं जाऊ द्यायचं नाही म्हणून काकूंनी मला रजा काढायला लावली होती. काका आता नाहीत. त्यांच्याविषयी लिहायला बसले की मला तो कागदच आधी आठवतो. पण तो कळायचा तर काका आणि त्यांची गाडी दोन्ही कळायला हवेत.

काका माझे घरमालक. मी यवतमाळहून पुण्याला आले ती एका सॉफ्टवेअर कंपनीत. काम प्रोग्रॅम लिहिण्याचं नव्हतं. तो कसा वापरायचा याच्या सूचना लिहिण्याचं होतं. बिबवेवाडीत काकांच्या गच्चीवरची खोली मिळाली. खोली बघायला गेले तेव्हा काका फाटकातच म्हणाले, "भाडं, पाणी ते सगळं काकू सांगतील. माझी अट एकच. गाडीत बसलात तर दार लावायचं नाही. ठेवायचं." मला काही कळलं नाही, पण मी हो म्हटलं.

ती गाडी दक्षिणेतल्या एका कारखान्याने काही वर्षं काढली आणि मग कारखानाच बंद पडला. दोन दारांची, आखूड, पांढरी गाडी. तिचं अंग पत्र्याचं नव्हतं, फायबरचं होतं. खाली लोखंडी सांगाडा, त्याला गॅरेजवाले चासी म्हणतात, त्यावर इंजिन आणि चाकं; आणि वरून हे अंग झाकणासारखं बसवलेलं. दार जोरात आपटलं तर बिजागरीपाशी चीर जायची. म्हणून दार ठेवायचं. गल्लीतली मुलं गाडीला साबणदाणी म्हणत. काकांना ते माहीत होतं. "साबणदाणीच आहे," ते म्हणायचे, "फक्त झिजतोय तो साबण मी आहे."

काच खाली करायची मूठ दोन्ही दारांना मिळून एकच होती. दुसरी कधीतरी तुटली, आणि नवी मिळण्याची सोय नव्हती. काका ती शर्टाच्या खिशात ठेवत. शेजारी बसलेल्याला उकडलं की ते खिशातून मूठ काढून देत, आणि काम झालं की हात पुढे करून परत मागत. पुण्यातल्या एका कारखान्यातून निवृत्त होईपर्यंत ते तपासणी विभागात होते. आलेला प्रत्येक भाग मापून, बसला तर शिक्का मारायचा, नाहीतर परत पाठवायचा. त्यामुळे कुठलीही वस्तू ते हातात घेतल्याबरोबर फिरवून चारी बाजूंनी बघत. काकूंनी दिलेला चहाचा कपसुद्धा.

सिग्नलला थांबलं की हमखास कुणीतरी स्कूटरवरून वाकून विचारायचं, "काका, किती देते?"

"त्रास का? भरपूर देते."

ते दिवस असे होते की आमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये दर महिन्याला एक नवी गाडी दिसायची. पेढे वाटले जायचे. कधी कुणी सहकारी मला घरी सोडायला आला की काका बाहेर येऊन त्याच्या नव्या गाडीवर बोटाने टकटक करत, आणि डॉक्टरने निदान सांगावं तसे म्हणत, "पत्रा." एकदा एकाने उत्साहाने बॉनेट उघडून दाखवलं. आत इंजिनावर काळं प्लास्टिकचं आवरण होतं. काका बराच वेळ पाहत राहिले. "झाकण उघडलं की आत झाकण," ते म्हणाले. "छान आहे. मिटून टाका."

मला मात्र कुतूहल होतं. माणसाला बरं पेन्शन आहे, वरच्या खोलीचं भाडं येतं, रस्त्यावर नव्या गाड्यांचा पूर आलाय, आणि हा गृहस्थ आठवड्यातून एकदा गाडीखाली आडवा पडलेला. मी अधूनमधून विचारायची, "काका, हीच गाडी का?" प्रत्येक वेळी उत्तर वेगळं. एकदा म्हणाले, तेव्हा दुसऱ्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, ही लगेच मिळाली. एकदा म्हणाले, कंपनीच्या जाहिरातीतला माणूस माझ्यासारखा दिसत होता. एकदा नुसतंच, "तू यवतमाळ का सोडलंस, ते मी विचारलं का?" मग मी काही दिवस विचारणं सोडलं. बॉनेट उघडून दाखवणाऱ्या त्या सहकाऱ्यानेही एकदा त्यांना विचारलं होतं, काका, एखादी चांगली गाडी का नाही घेत. त्याला काका म्हणाले, "चांगल्या गाडीला माणसं लागत नाहीत." तो हसला. मीही हसले. तेव्हा मला तो आणखी एक टोमणा वाटला होता.

ती माणसं मी पाहिली होती. पुण्यात तशा गाड्या राहिल्याच थोड्या होत्या. सुटे भाग कुठे मिळत नसत. म्हणून ज्यांच्याकडे गाडी होती त्यांनी एकमेकांना शोधून काढलं होतं आणि महिन्यातून एका रविवारी ते वारज्याला जमत. तिथे एक भाऊ होते, मूळ गावातले शेतकरी. त्यांनीही ही गाडी घेतली होती, तीत ते मंडईला भाजी न्यायचे. त्यांच्या रिकाम्या गोठ्यात भिंतीला दारं टांगलेली, गव्हाणीत दिवे आणि आरसे, आणि गवताच्या गंजीत एक समोरची काच, गोधडीत गुंडाळून ठेवलेली. कुणाची गाडी कायमची बंद पडली की तिचे भाग इथे यायचे. नियम काकांनीच घालून दिला होता. भाग विकायचा नाही. लागेल त्याला द्यायचा. आणि ज्याचा आहे त्याने मागितला, किंवा त्याचा आहे हे कळलं, की परत करायचा. मेलेल्या माणसाचा असला तर त्याच्या घरी विचारायचं.

"आमच्यात बायकोची शपथ मोडली तर चालती," भाऊ मला म्हणाले होते. "पर ह्यांचा नियम मोडला तर रविवारी च्या न्हाई मिळत."

काकांचं सगळ्यात जास्त जमायचं ते डॉक्टरांशी. डॉक्टर विश्रांतवाडीचे, दातांचे. काकांना ते 'इन्स्पेक्टर' म्हणत. फायबरची चीर कशी भरायची हे त्यांना नेमकं कळायचं, कारण दात भरणं आणि ते यांत त्यांना फार फरक वाटत नसे. गाडीच्या अंगावर वाकून ते पुटपुटत, "आ करा," आणि काका म्हणत, "दुखलं तर सांगेल हं ती." दोघांच्या गाड्या एकाच वर्षी घेतलेल्या, दोन्ही पांढऱ्या. डॉक्टरांची गाडी जरा गोड चालायची, पण काका ते कबूल करत नसत. "तुमचं इंजिन खोकतंय डॉक्टर."

"खोकत नाही, घसा साफ करतंय. तुमच्याशी बोलायचं असतं ना."

एका रविवारी दोघांनी मोठं काम काढलं. दोन्ही गाड्यांची अंगं चासीवरून उतरवायची, खालच्या बाजूच्या चिरा भरायच्या, चासी खरवडून काळा रंग द्यायचा. भाऊंनी शेतावरची माणसं बोलावली. दोन्ही अंगं उचलून पोत्यांवर ठेवली. मी नुकतीच राहायला आले होते. काकूंबरोबर पिठलं-भाकरी घेऊन गेले होते. मला आठवतात त्या झाडाखाली शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन काळ्या चासी, चाकांवर, डोकी नसलेल्या. संध्याकाळी माणसांनी अंगं उचलून परत बसवली. सीट ज्याच्या त्याच्या, नंबरप्लेट ज्याच्या त्याच्या अंगावरच होत्या. सगळे खूश होऊन घरी आले.

त्यानंतर काका कित्येक दिवस सांगत होते, "बघ, चासीला रंग दिल्यावर गाडी कशी पळते!" रंगाने गाडी कशी पळेल, हे विचारायचं धैर्य मला नव्हतं. डॉक्टरांची गाडी मात्र तेव्हापासून कुरकुरायला लागली. काका दर रविवारी त्यांना शिकवत. तुम्ही क्लच दाबून ठेवता. तुम्ही गाडीला सवय लावलीत. डॉक्टर मान हलवत ऐकून घ्यायचे.

पुढे वारज्याची ती जमीन बिल्डरने घेतली. भाऊंच्या दारात दोन नव्या गाड्या उभ्या राहिल्या. ते म्हणाले, "गोठा जातोय, पर साबणदाणी न्हाई द्येत." गोठ्यातले भाग आमच्या गच्चीवर आले. माझ्या खोलीच्या दारासमोर एक बॉनेट पालथं पडलेलं असायचं. काकू त्यावर पापड वाळत घालायच्या. "निदान एवढा तरी उपयोग," त्या म्हणायच्या.

मग डॉक्टर गेले. झोपेत गेले. काका स्मशानातून आले आणि दिवसभर गाडीखाली पडून राहिले. काकूंनी त्यांना हाक मारली नाही.

डॉक्टरांचा मुलगा माझ्यासारखाच सॉफ्टवेअरमधला. नवऱ्यामागे आईला एकटेपणा नको म्हणून तो तिच्याकडे राहायला आला, त्याने घर आवरायला घेतलं, आणि त्या आवराआवरीत गाडी भंगारवाल्याला देऊन टाकली. त्याला नियम ठाऊक नव्हता. काकांना हे समजलं तेव्हा ते भाऊंचा टेम्पो घेऊन भंगारवाल्याकडे गेले. चासी आणि इंजिन कापून गेलं होतं. अंग मात्र मागे कुंपणापाशी उलटं टाकलेलं. फायबरला भंगारात भाव नसतो. काकांनी ते उचलून आणलं आणि आमच्या अंगणात ताडपत्रीखाली ठेवलं. मुलाला फोन करून म्हणाले, "तुमच्या वडिलांची गाडी तुम्ही विकलीत. आता मला फोन करू नका." त्याने फोन केलाही नाही. पुढे आळंदीला जायचं झालं तरी काका विश्रांतवाडी टाळून लांबून जात.

आणि मग गाडीची पंधरा वर्षं भरली. नोंदणी पुन्हा करायची तर गाडी आर.टी.ओ.त नेऊन दाखवावी लागते. शेजाऱ्यांनी एजंट सुचवला. "एजंट काय माझ्या गाडीचा मामा आहे? मी दाखवीन," असं म्हणून काकांनी गाडी धुतली, पुसली, चासीवरच्या नंबरावरचा तो काळा रंगही अधिकाऱ्याला सोपं जावं म्हणून स्वतः खरवडून ठेवला. खरवडताना त्यांनी नंबर वाचला नाही. आयुष्यभर प्रत्येक वस्तू फिरवून पाहणाऱ्या माणसाने तो वाचला नाही, कारण स्वतःच्या गाडीचा नंबर काय वाचायचा?

अधिकारी तरुण होता, बोलायला सरळ. त्याने इंजिनाचा नंबरही पाहिला. मग विचारलं, "आजोबा, ही गाडी कुणाची?"

"माझी."

"मग तुमची गाडी कुठंय?"

अधिकारी आत जाऊन आला. म्हणाला, हा चासी आणि इंजिन नंबर दुसऱ्या नावावर आहे, आणि विश्रांतवाडीचा पत्ता सांगितला. त्या मालकाने, किंवा वारसांनी, कागद घेऊन यावं, त्या नंबरावर पासिंग होईल. "तुमच्या नंबराची गाडी तुम्हाला दाखवता आली नाही तर ती नोंद बंद करावी लागेल. आता घरी न्या, पण तोपर्यंत ही पुन्हा रस्त्यावर आणू नका."

काका गाडीत बसले. त्यांनी दार ठेवलं. भाऊंच्या झाडाखालच्या त्या दोन काळ्या चासी मला दिसत होत्या. त्यांनाही दिसत असणार.

"इतकी वर्षं त्याचं इंजिन मी चालवलं," काका शेवटी म्हणाले, "आणि त्याला शिकवत होतो."

"काका, डॉक्टरांना कळलं असेल?"

"दात बोटाने ओळखायचा तो. कळलं नसेल? पण मग बोलला का नाही?"

याचं उत्तर आम्हाला दोघांनाही कधी मिळालं नाही. मला वाटतं, सांगितलं असतं तर परत अदलाबदल करावी लागली असती, आणि काका त्या इंजिनावर किती खूश होते हे डॉक्टर दर रविवारी पाहत होते. पण हे माझं वाटणं.

घरी आल्यावर काकूंनी व्यवहार सांगितला. "सोपं आहे अहो. मुलाकडे जा, सॉरी म्हणा, सही घ्या. गाडी तुमच्या नावावर होईल. गाडी तीच, चालवणारे तुम्हीच. नंबर बदलला तर काय आभाळ कोसळतंय?"

"आणि नियम?"

"कसला नियम?"

"ज्याचा भाग आहे हे कळलं, त्याला परत करायचा."

"अहो, त्याला नकोय तो! त्यानेच तर भंगारात दिली!"

"त्याने माझी दिली," काका म्हणाले. "त्याची इथे आहे."

पुढच्या रविवारी भाऊ माणसं घेऊन आले. अंगणात काकांच्या गाडीचं अंग उतरवून बाजूला ठेवलं आणि ताडपत्रीखालचं डॉक्टरांचं अंग त्या चासीवर बसवलं. या वेळी काकांनी आधी चासीचा नंबर वाचला, मोठ्याने. भाऊ म्हणाले, "आता वाचताय व्हय? तवा काय झालं हुतं?" काका म्हणाले, "तेव्हा पिठलं चांगलं झालं होतं." काकू आत गेल्या. मी त्यांच्या मागे गेले तर त्या ओट्यापाशी पाठ करून उभ्या होत्या. "खुळा माणूस आहे," त्या म्हणाल्या. "खोटा नाही, पण खुळा आहे."

विश्रांतवाडीला गाडी टेम्पोत घालून नेली, कारण रस्त्यावर आणायची नाही असं अधिकाऱ्याने सांगितलं होतं. डॉक्टरांचा मुलगा खाली आला. बापाच्या गाडीकडे बघत राहिला. काकांनी सगळं सांगितलं, अदलाबदलीपासून.

"काका, आय ॲम सॉरी. तेव्हा मला खरंच कळलं नाही," तो म्हणाला. "पण मी काय करू हिचं? माझ्याकडे गाडी आहे."

"ती बँकेची आहे. ही बाबांची."

"तुम्हीच ठेवा ना प्लीज. मी सही करतो, तुमच्या नावावर करून टाकू. बाबांना पण तेच आवडलं असतं."

मी काकांकडे पाहिलं. त्यांचा हात शर्टाच्या खिशावर होता. त्यांना हो म्हणायचं होतं, हे मला आणि भाऊंनाही दिसत होतं. भाऊ तर पुटपुटलेही, "म्हणा की व्हय."

"घ्यायची असती तर तुमच्या बाबांकडून घेतली असती," काका म्हणाले. "त्यांच्या मागे नाही घेत." आणि किल्ली मुलाच्या हातात दिली. "चालू करा."

ती चालू होईना. मुलाने तीनचारदा किल्ली फिरवली. काका म्हणाले, अशी नाही, आधी चोक ओढा, हळू, आता सोडा. इंजिनाने घसा साफ केला आणि लागलं. वरच्या गॅलरीचं दार उघडलं आणि डॉक्टरांच्या बायको बाहेर आल्या. कठड्याला धरून उभ्या राहिल्या, इंजिन चालू होतं तोवर. मुलानेही ते बंद केलं नाही.

पासिंग झालं. काकांच्या नंबराची नोंद बंद झाली. मला वाटलं, आता काका खचतील. पण पुढच्याच आठवड्यात मुलाचा फोन आला, गाडी चढावर बंद पडली. मग गिअर अडकतो म्हणून. मग काका रिक्षा करून जायला लागले, आणि काही दिवसांनी तो स्वतः त्यांना न्यायला यायला लागला. काका डाव्या सीटवर बसून सूचना द्यायचे. "क्लच दाबून ठेवू नका. तुमच्या बाबांची हीच सवय." एकदा मी मागे बसले होते तेव्हा तो चिडला. "काका, सर्व्हिस सेंटरला टाकली असती तर एका दिवसात झालं असतं!"

"टाका की," काका म्हणाले. "आहे का सर्व्हिस सेंटर?"

तो हसायला लागला. काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, ते काच खाली करत होते.

त्यांची चांगल्या गाडीवरची ती ओळ मला तेव्हा पुन्हा आठवली, आणि या वेळी ती टोमण्यासारखी वाटली नाही. मी मात्र 'हीच गाडी का' हे काकांना पुन्हा कधी विचारलं नाही.

काका गेले ते दवाखान्यात, फार हाल न होता. मी तेव्हा खोली सोडून वारज्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. भाऊंची जमीन होती तिथून जवळच. बातमी मला डॉक्टरांच्या मुलाने दिली. तो साबणदाणी घेऊन मला न्यायला आला.

काकूंचं घर नंतर पाडलं. तिथे आता सात मजली इमारत आहे, त्यातला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आणि झाकलेलं एक पार्किंग काकूंना मिळालं. बिल्डर म्हणाला होता, आजी, तुमच्याकडे गाडी नाही, पार्किंगचे पैसे घ्या. काकूंनी पैसे घेतले नाहीत. काकांच्या गाडीचं अंग त्यांनी त्या पार्किंगमध्ये विटांवर ठेवून घेतलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नियम दाखवला की पार्किंगमध्ये गाडीशिवाय दुसरी वस्तू ठेवता येत नाही. काकू म्हणाल्या, ही गाडी आहे.

ती तिथे आहे. खाली चासी नाही, इंजिन नाही, चाकं नाहीत. डॉक्टरांची गाडी विश्रांतवाडीला आहे. ती चालते.